हिरवी राहिलेली तूर

पौष महिन्यात तुरीच्या वावरात उभं राहिलं की जे झाड सगळ्यात हिरवंगार दिसतं, ते आजारी समजायचं. चांगल्या तुरीची पानं तोवर पिवळी पडून गळायला लागलेली असतात. शेंगा वाळून खुळखुळतात आणि झाड सगळं देऊन झाल्यासारखं ओढलेलं दिसतं. त्यांच्या मधेच एखादं झाड, जणू पाऊस कालच थांबला, असं झुपकेदार, कोवळं, टवटवीत उभं असतं. जवळ जाऊन फांदी वाकवून पाहा. एक फूल नाही, एक शेंग नाही. शहरातून आलेला पाहुणा नेमका त्याच झाडाजवळ उभा राहून फोटो काढतो. शेतकऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो.

या रोगाचं नाव वांझ. आमच्या बोलण्यात तेच आणि कृषी खात्याच्या पुस्तिकेतही तेच. शास्त्रज्ञ त्याला ‘स्टरिलिटी मोझॅक’ म्हणतात, म्हणजे त्यांनाही दुसरा शब्द सुचलेला दिसत नाही. पुढं कुणीतरी त्याला तुरीचा ‘हिरवा प्लेग’ असंही नाव दिलं. पण गावात चाललं ते वांझ हेच. हा शब्द तुरीच्या झाडासाठी वापरताना कुणाला काही वाटत नाही. आमच्या घरात मात्र त्या शब्दानं एका बाईच्या आयुष्यातली पंधरा वर्षं खाल्ली. म्हणून या रोगाचा इतिहास मला लिहून ठेवायचा आहे. विद्यापीठातले लोक लिहितील तो वेगळा. हा बोरी अरबच्या वावरातून दिसलेला.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठी. जमीन काळी, बरीचशी कोरडवाहू. मुख्य पीक पराटीचं, म्हणजे कापसाचं. सोयाबीन फार नंतर आलं. पराटीची काही तासं झाली की एक तास तुरीचं, अशी पेरणी असे. ज्वारीतही तूर असायची. कापूस पैशासाठी आणि तूर घरासाठी. वर्षभराचं वरण तिच्यावर, संक्रांतीच्या सुमाराला सोल्याची भाजी तिच्यावर. शेंगांचा भुसा, म्हणजे कुटार, बैलांना. तुराट्या चुलीला, कुडाला आणि छपराला. पाला गळून जमिनीला खत होई ते वेगळंच. कापसाचं वर्ष बुडालं तर सावकार दारात येतो, पण तुरीचं बुडालं तर पहिल्यांदा ताटात कळतं.

बियाणं तेव्हा घरचंच. खळं झालं की चांगल्या झाडांच्या शेंगा वेगळ्या काढायच्या, त्यातले टपोरे दाणे निवडायचे, चांगली उन्हं द्यायची. मग राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. हे काम बायकांचं. आमच्या घरी ते आत्याकडं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला ‘बाई’ म्हणत. लग्नानंतर आठ-नऊ वर्षांत मूल झालं नाही, म्हणून सासरच्यांनी दुसरी केली आणि आत्या माहेरी आली ती कायमची. डॉक्टरला तिलाही कुणी दाखवलं नाही आणि तिच्या नवऱ्यालाही नाही. तशी पद्धतच नव्हती. गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलावत, पण कुणाची ओटी भरायची वेळ आली की ती आपणहून मागं सरकून उभी राहायची. वावरात मात्र तिच्याइतकी नजर आमच्या घरात कुणालाच नव्हती. निंदताना ती तासातून पुढं सरकायची आणि मागं वळून न पाहता सांगायची, कुठल्या झाडाला अळी आहे आणि कुठलं झाड मरणार आहे.

१९७५ चा खरीप. मी दहावीत होतो. पोळा झाला आणि आमच्या विहिरीकडच्या वावरात तुरीचं काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. कोवळ्या पानांवर आधी फिकट हिरवे-पिवळे डाग आले, पिवळा आणि हिरवा रंग एकमेकांत कालवल्यासारखे. नवीन पान आलं ते आधीच्यापेक्षा लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान. दोन पेरांमधलं अंतर कमी झालं, बगलेतून फांद्याच फांद्या फुटल्या, झाड उंच जायचं सोडून झुडपासारखं पसरलं. काही झाडं पूर्ण तशी, तर काहींची एक बाजू चांगली आणि दुसरी बाजू नुसती पानांची. दिवाळीनंतर बाकीच्या वावराला पिवळी फुलं आली. या पट्ट्यात फुलाचा पत्ता नव्हता. मळणीला त्या तुकड्यातून तुराट्यांचे भारे निघाले आणि दाणा निघाला पायलीभरसुद्धा नाही.

मग बोलणी सुरू झाली. घरात आधी दबक्या आवाजात, नंतर भावकीत उघड. वांझेनं राखलेलं बियाणं वांझच निघणार. हे वाक्य कुणी पहिल्यांदा म्हटलं ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता नाही, म्हणून नाव घेत नाही. बाबांनी आत्याला तोंडावर काही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की पुढच्या हंगामाला बियाण्याचं मडकं माझ्या आईच्या हवाली केलं आणि तूर पेरायच्या दिवशी आत्याला घरी थांबायला सांगितलं.

आत्या रडली-बिडली नाही. एकदाच बोलली, तेही वावराच्या बाजूनं. मी तिथं उभा होतो.

“बी खराब असतं त पुऱ्या वावरात सारखं झालं असतं ना. हे त इहिरीकडूनच येऊन राह्यलं. तिकडं पाय, थ्या जुन्या तुरीकडं.”

“बाई, तू गप राह्य,” बाबा म्हणाले.

विहिरीच्या काठाला तुरीची चार-पाच जुनी झुडपं होती. कापणीनंतर खोडवा ठेवलेली, विहिरीच्या ओलाव्यावर दोन-तीन वर्षं जगलेली. उन्हाळ्यात घरापुरता पाला-शेंगा मिळतात म्हणून कुणी काढत नसे. ती झुडपं वावराच्या पश्चिमेला होती. आमच्याकडं पावसाळी वारा पश्चिमेचा. आत्याला एवढंच म्हणायचं होतं, की रोग त्या बाजूनं येतो आहे, मडक्यातून नाही. तिचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. आणि खरी गोष्ट अशी, की ती म्हणत होती ते कागदावर छापून झालेलं होतं.

हे मला कळलं ते फार नंतर, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या शिवार फेऱ्या, तिथल्या पुस्तिका, आकाशवाणीवरचे शेतीचे कार्यक्रम आणि भेटतील त्या शास्त्रज्ञांना विचारलेले प्रश्न, यांतून. त्याचा क्रम असा आहे.

तुरीच्या वांझ रोगाची पहिली नोंद १९३१ सालची. बिहारात पुसा नावाच्या गावी तेव्हा सरकारची सगळ्यात मोठी शेती संशोधन संस्था होती. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडली आणि संस्था दिल्लीला गेली. त्याच पुशाला मित्रा नावाच्या शास्त्रज्ञांनी हा रोग लिहून ठेवला. त्यानंतर १९५२ साली कपूर या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या वांझ तुरीवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. आमचा वऱ्हाड त्या वेळी मुंबईत नव्हता, मध्य प्रदेशात होता, पण तूर दोन्हीकडं एकच. आजारी झाडाची फांदी चांगल्या झाडावर कलम केली की चांगलं झाड आजारी पडतं, हे कपूर यांनी दाखवलं. म्हणजे जमीन वाईट, खत कमी, नक्षत्र चुकलं, यातलं काही नाही. झाडातून झाडात जाणारं काहीतरी आहे.

पण वावरात कलम करायला कोण जातं? मग एका झाडातलं दुसऱ्यात नेतं कोण? याचं उत्तर १९६२ साली सेठ यांनी दिलं. तुरीच्या पानाखाली राहणारा एक कोळी हे काम करतो. कोळी म्हणजे आपण घरात पाहतो तो जाळं विणणारा नव्हे. हा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, लांबुळका, चारच पायांचा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला पंख नाहीत, उडता येत नाही. वारा नेईल तिकडं तो जातो. तो जगतो तुरीवर आणि तिच्या रानटी भाऊबंदांवर, दुसऱ्या पिकाकडं पाहत नाही. अंड्यातून निघून पुरता मोठा व्हायला त्याला दोन आठवडेही लागत नाहीत. पानातला रस तो इतका थोडा पितो, की त्यानं झाडाचं दिसण्यासारखं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते त्याच्या तोंडातून झाडात जाणाऱ्या रोगानं.

आणि बियाणं? वांझ रोग बियाण्यातून पसरत नाही. अर्ध्या आजारी झाडाच्या चांगल्या बाजूला ज्या चार शेंगा येतात, त्यांच्यातला दाणा पेरला तरी त्यातून रोग उगवत नाही.

१९६२ ला हे कळलं. आमच्या घरात आत्याच्या हातून मडकं काढून घेतलं १९७६ साली. मधली चौदा वर्षं ती माहिती इंग्रजी नियतकालिकांत होती आणि आत्या बोरी अरबला होती. या दोघींची गाठ घालून देणारा कुणी नव्हता. अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ साली झालं होतं, पण तिथलं ज्ञान आमच्या धुऱ्यापर्यंत यायला वेळ लागला. यात कुणा एकाला दोष द्यायचा नाही. रस्ता लांब होता आणि चालणारे थोडे होते.

योगायोग पाहा. ज्या १९७६ साली आमच्या घरी हे झालं, त्याच साली हैदराबादजवळ पटणचेरूला एक वेगळंच काम चाललं होतं. तिथं १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली होती. कोरडवाहू शेतकऱ्यांची पिकं हाच तिचा विषय. तिथं डॉ. य. ल. नेने होते. त्याआधी पंतनगरला असताना त्यांनी भाताच्या ‘खैरा’ रोगामागं कुठला जंतू नसून जमिनीतल्या जस्ताची कमतरता आहे, हे शोधलं होतं. वांझ रोगाला न जुमानणारी तूर हुडकायची, तर हजारो वाणांना मुद्दाम रोग लावून पाहायला हवा. कोळी डोळ्याला दिसत नाही, चिमट्यात धरता येत नाही. मग तो प्रत्येक रोपावर सोडायचा कसा?

नेने आणि त्यांचे सहकारी रेड्डी यांनी काढलेली युक्ती ऐकून मला हसू आलं होतं. त्यांनी कचेरीत कागद टाचायचं स्टेपलर घेतलं. आजारी झाडाचं, कोळी असलेलं पान चांगल्या रोपाच्या कोवळ्या पानाला टाचलं. आजारी पान वाळत गेलं, कोळी भुकेनं पलीकडच्या हिरव्या पानावर चालत गेले, आणि रोप वांझ रोगाला झुंजतं की पडतं ते थोड्या दिवसांत कळलं. लाखांची यंत्रं लागली नाहीत. कारकुनाच्या टेबलावरची वस्तू पुरली.

मोठ्या वावरासाठी त्यांनी आणखी एक पद्धत बसवली. ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला, रोगाला लवकर बळी पडणाऱ्या तुरीचं कुंपण आधीच पेरून ठेवायचं. त्याला रोग लावायचा. मग पुढं पेरलेल्या वाणांवर वारा आपोआप कोळी नेऊन टाकतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तिका खाली ठेवली. आमच्या विहिरीच्या काठाची जुनी तूर आणि पश्चिमेचा वारा. पटणचेरूला जे मुद्दाम पेरत होते, ते आमच्याकडं आपोआप उभं होतं आणि आत्यानं ते बोट करून दाखवलं होतं.

इक्रिसॅटच्या लोकांनी १९७५ ते १९८० या काळात देशभर फिरून तुरीच्या रोगांची पाहणी केली. त्यांच्या हिशेबानं एकट्या वांझ रोगानं देशाची वर्षाला दोन लाख पाच हजार टन तूर जात होती. बिहार आणि उत्तर प्रदेशात वांझ जास्त होता. महाराष्ट्राचा मोठा शत्रू दुसरा होता: मर. उभं झाड शेंगा भरायच्या वेळेला कोमेजून वाळतं, खोड चिरलं की आत काळ्या रेषा दिसतात. ती बुरशी जमिनीतून येते. त्या पाहणीत महाराष्ट्रातल्या तुरीत मर रोगाचं प्रमाण २२.६ टक्के भरलं, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे शंभरातली बावीस-तेवीस झाडं.

त्यामुळं आधी सगळ्यांचं लक्ष मरीकडं. १९८६ च्या सुमाराला कर्नाटकात ‘मारुती’ नावाचा वाण आला. मर रोगाला तो खंबीर होता. लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण वांझ रोगापुढं त्याचं काही चालेना. इतकं की पुढं संशोधक वांझ रोगाच्या चाचणीत, रोग नीट लागतो आहे की नाही हे पाहायला, मारुतीच पेरायला लागले. एका दारावर पहारा बसवला तर चोर दुसऱ्या दारानं आला. दोन्ही रोगांना तोंड देणारी तूर पाहिजे, हे तेव्हा पक्कं झालं.

ती आली नव्वदच्या दशकात. १९९३ ला इक्रिसॅटचा ‘आशा’ वाण प्रसारित झाला, मर आणि वांझ दोन्हींना टिकणारा. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं, म्हणजे परभणीच्या विद्यापीठानं, ‘बीएसएमआर ७३६’ हा तांबड्या दाण्याचा वाण दिला. पुढं पांढऱ्या दाण्याचा ‘बीएसएमआर ८५३’ आला. आपण ही अक्षरं दुकानात नुसती मोटारीच्या नंबरासारखी म्हणतो. त्यांचा अर्थ आहे: बदनापूरचा, वांझ रोगाला न जुमानणारा. अर्ध्या वावराचा इतिहास त्या चार अक्षरांत आहे.

आमच्या घरापर्यंत ही गोष्ट पोचली १९९० च्या आगेमागे. तालुक्याला शेतकरी मेळावा होता. एका तरुण शास्त्रज्ञानं टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवलेलं, खाली तुरीचं पान. रांगेत उभं राहून प्रत्येकानं एक डोळा मिटून पाहिलं. मला पांढुरक्या, हलणाऱ्या रेघा दिसल्या, तांदळाचे कण चालायला लागावेत तशा. मी त्याला दोनदा विचारलं, बियातून जात नाही ना? तो म्हणाला, नाही जात.

घरी आलो तेव्हा आत्या अंगणात सूप घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. कोळी, वारा, जुनी झुडपं.

“बियात नाई जात?” तिनं विचारलं.

“नाही.”

“पक्कं?”

“पक्कं, आत्या. साहेबानंच सांगितलं.”

ती पाखडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “मंग तुह्या बापाले सांग.”

मी बाबांना सांगितलं. ते ऐकून घेऊन उठून गेले, एक शब्द बोलले नाहीत. आमच्या पिढ्यांतले पुरुष बहिणीची माफी मागत नाहीत, मागायची कशी हेच त्यांना ठाऊक नसतं. पण त्या वर्षी तुरीचं खळं झालं आणि बियाण्याचे दाणे निवडून झाले, तेव्हा बाबांनी मडकं उचलून आत्यापुढं आणून ठेवलं. आत्यानं मडक्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “राख कुठं हाय?” पंधरा वर्षांनी घरात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. विहिरीवरची जुनी तूर तिनं स्वतः त्याआधीच उपटून टाकली होती, कुणाला न विचारता.

कोळी सापडला, तरी रोगाचा मूळ जंतू कोणता हे तेव्हाही कळलेलं नव्हतं. विषाणू असणार असा सगळ्यांचा कयास होता, पण तो हाती लागत नव्हता. पानाच्या रसात तो टिकत नसे आणि नेहमीच्या पद्धतींनी वेगळा निघत नसे. शेवटी इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधली डंडीजवळची पीक संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून २००० साली तो पकडला. १९३१ ते २०००, म्हणजे जवळपास सत्तर वर्षं. पुढं कळलं की असे विषाणू एक नाही, दोन आहेत. ज्या रोगाचं नाव गावागावात ठरलेलं होतं, ज्याचा गुन्हेगार आमच्या भावकीनं एका संध्याकाळी ठरवून टाकला होता, त्याचा खरा गुन्हेगार शोधायला शिकलेल्या माणसांना सत्तर वर्षं लागली. आत्या त्याच्या दोन वर्षं आधी गेली.

आता कुणी म्हणेल, वाण आले, रोग संपला, कशाला उकरून काढता? रोग संपलेला नाही. विषाणू सगळीकडं एका जातीचा नसतो. पटणचेरूला टिकलेली तूर बंगळुरूकडं टिकेलच असं नाही. आणि आमच्याकडं अजूनही कितीतरी जण बाजारातून मिळेल ती तूर पेरतात. म्हणून जे मी करतो ते सांगतो. पेरणीनंतर महिना-दीड महिन्यात तासातासातून एकदा फिरायचं. दीड महिन्याच्या आत ज्या झाडाला रोग लागतो, त्याचं उत्पन्न जवळपास शंभर टक्के गेलं असं समजावं. उशिरा लागला तर काही हाती येतं. कोवळी पानं उजेडासमोर धरायची. पिवळे-हिरवे डाग, लहान पान आणि झुपका दिसला की ते झाड त्याच दिवशी उपटायचं आणि वावराबाहेर नेऊन नष्ट करायचं. हिरवं आहे, जगतंय, म्हणून दया करायची नाही. विहिरीवरची, परसातली, धुऱ्यावरची खोडव्याची तूर उन्हाळ्यात ठेवायची नाही. कोळी तिथंच उन्हाळा काढतो.

फवारणीचं मी मुद्दाम शेवटी लिहितो. पुस्तिकेत कोळीनाशकाची शिफारस असते, पाण्यात मिसळणारं गंधकही सांगतात, आणि वेळेवर मारलं तर उपयोग होतो. पण आमचा यवतमाळ जिल्हा फवारणीबद्दल सहज बोलू शकत नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जो शत्रू डोळ्याला दिसत नाही, त्याच्यावर माणूस भीतीनं जास्तच औषध मारतो, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारतो. त्यापेक्षा रोग न घेणारा दाणा मातीत टाकणं स्वस्त आहे आणि त्यानं कुणाचा जीव जात नाही.

२०२३ च्या खरिपात हीच गोष्ट सोयाबीनवर आली. सप्टेंबरात शेंगा भरायच्या वेळेला विदर्भातली वावरं पिवळीधमक झाली. पिवळा मोझॅक, त्याच्या जोडीला खोडकुज आणि मूळकुज. मोझॅकचा विषाणू पांढरी माशी नेते. गावात लगेच बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे बियाणं बोगस, कुणी म्हणे शेजाऱ्याचं औषध उडून आलं, कुणी म्हणे बायकोनं हट्ट करून हाच वाण घ्यायला लावला. बोगस बियाणं या देशात असतं, ते मी नाकारत नाही. पण ज्याचं पीक गेलं तो माणूस आधी हाताशी असलेल्यावर बोट ठेवतो, हे मी घरात पाहिलेलं आहे. बोट ठेवण्याआधी वावरात जाऊन पाहावं. रोग सगळीकडं सारखा आहे की एका बाजूनं आला आहे? कुठून सुरू झाला? वारा कुठला? पान उलटं केलं का? हे प्रश्न विचारायला दहावीसुद्धा शिकायला नको. आत्या शाळेत गेली नव्हती.

माझी सून आता बियाणं पाहते. दुकानातून आणलेल्या पिशवीवरचं वाणाचं नाव, लॉट नंबर आणि तारीख वहीत उतरवून ठेवते, पावती त्याच पानाला टाचून ठेवते. घरचं बियाणं असलं तर कुठल्या वावरातलं, त्या वर्षी तिथं किती झाडं उपटली, तेही लिहिते. तुरीपुढं रोगाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, बाबा, काय लिहू? मी म्हटलं, मोझॅक लिही. कृषी खात्याच्या पुस्तिकेत वांझ म्हणू देत. आमच्या वहीत तो शब्द नको.